किवूकोला धाडलेलं भात

माझा भाऊ खैरुद्दीन काही फरिश्ता नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. हल्ली माणूस मेला रे मेला की लोक त्याला पंख लावून मोकळे होतात. खैरू गलबतावरचा भंडारी होता, म्हणजे खलाशांसाठी रांधणारा. हट्टी होता, उधळ्या होता, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की सख्ख्या बापाचंसुद्धा ऐकायचा नाही. पण त्याच्या हातून जे झालं, ते एखाद्या कामचोराच्या हातून कधीच झालं नसतं. कामचोर गलबतावर पाय पसरून झोपला असता आणि घरी आला असता.

मी रशीदा, त्याची मोठी बहीण. आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. माझे मालक मुनीर बर दुबईत एका लाकडाच्या वखारीत कारकून होते, म्हणून मी इकडे आले, आणि गावाकडच्या पोरांना जेवायला घालता घालता माझी खानावळच होऊन बसली. साठ सालानंतरची गोष्ट आहे ही. तेव्हाचं दुबई म्हणजे खाडी, गलबतं, झावळ्यांची घरं आणि गाढवावरून येणारं पाणी. आता इथेच दुबईत, मनखूलच्या फ्लॅटमध्ये एसी लावून नातवंडं विचारतात, "नानी, नो फ्रिज? रिअली?" फ्रिज कसला डोंबलाचा! सकाळची मासळी दुपारपर्यंत खाल्ली नाही तर मांजराच्या नशिबाला.

त्या काळी इथल्या घरांच्या छपराला आफ्रिकेतले वासे लागायचे. टांगानिकात रुफिजी नावाची नदी आहे, ती जिथे समुद्राला मिळते तिथे नजर पोचेल तिथवर खारफुटीचं जंगल. थंडीतला वारा सुटला की दुबईची गलबतं खजूर आणि सुकी मासळी भरून तिकडे उतरायची, आणि वारा उलटला की वासे भरून परत यायची. मुनीर ज्या वखारीत होते, तिच्याच गलबतावर खैरूला त्यांनी चिकटवलं होतं. पोरगा तेराव्या वर्षी घरातून समुद्रावर गेलेला. शेतीचं विचाराल तर नांगराचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या घरी शेत बायकाच बघायच्या.

पहिल्याच खेपेला गलबताने किवूको नावाच्या गावापाशी नांगर टाकला. खैरूने दुपारचा भात शिजवला, पाणी वेळलं आणि ते कठड्यावरून खाली ओतलं. खाली एक लहान होडी होती. तिच्यात उभी असलेली बाई भांडं वर धरून ते पाणी झेलायला लागली. कढत पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं आणि ती भांडं हलवत नव्हती. पाठीला पोर बांधलेली. म्वानाइदी तिचं नाव, ते खैरूला नंतर कळलं. आदल्या वर्षी तिथे पाऊस पडला नव्हता, आणि मग पडला तो असा पडला की नदीने शेतं, घरं, साठवणीचं भात, सगळं धुऊन नेलं. लोक पाणकमळाचे कंद उकडून खात होते.

तो परत आला तेव्हा माझ्या पानावर नीट जेवेना. मी वैतागले. खानावळीत बसून कुणी असं ताटाकडे बघत राहिलं की बाकीच्यांचाही घास अडतो. मी म्हटलं, "काय रे, माझ्या हाताची चव गेली का?"

"आपा, वेळलेलं पाणी कधी झेलून प्यायलीस?" एवढंच म्हणाला.

आणि मग सुरू झाल्या याच्या लष्कराच्या भाकऱ्या. आमच्याकडे बायकांची रीत आहे. जेवणाचे तांदूळ धुवायला घेतले की त्यातली एक मूठ बाजूला काढायची, मशिदीच्या गरिबांसाठी. दुबईत पुरुष एकेकटे राहायचे, खोलीत सात-आठ जण, हाताने रांधून खायचे. त्यांना कसली मूठ आणि कसलं काय! खैरूने डालड्याचे रिकामे डबे गोळा केले आणि बर दुबईतल्या झाडून सगळ्या कोकणी खोल्यांमध्ये एकेक ठेवून दिला. "घरी अम्मी काढायची ना मूठ? मग तुला काय झालं?" असं तोंडावर विचारायचा. जुम्म्याच्या नमाजानंतर पोतं खांद्यावर टाकून डबे रिकामे करत फिरायचा. लोक त्याला मूठवाला म्हणायला लागले. खजूरवाल्यांकडून किडका खजूर, बोटवाल्यांकडून तुकडा सुकी मासळी, जे मिळेल ते घ्यायचा. लाज नावाची चीज नव्हती. सगळा माल माझ्याच खानावळीत येऊन पडायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

"अरे, आपल्या गावात उपाशी माणसं नाहीत का?" मी एकदा ओरडले.

"आहेत की. त्यांच्यासाठी तू ओरड, आपा. मी यांच्यासाठी ओरडतो."

दुसऱ्या थंडीत तो गोण्या घेऊन किवूकोला गेला. नाखवा अरब होता, भला माणूस, त्याने जागेचं भाडं घेतलं नाही. खैरूने घराघरात माणसं बघून तांदूळ वाटले, म्हाताऱ्यांना खजूर आधी. पण गोण्या त्या गोण्या, त्या किती पुरणार! गलबत वासे भरून निघायच्या आधीच तळ लागला. गावचा म्हातारा मुखी होता, म्झी सलूम. तो खैरूला चिखलात घेऊन गेला, हाताने ओला गोळा उचलून दाखवला आणि म्हणाला, "तुझा तांदूळ चंद्राबरोबर संपतो. आम्हाला हात आहेत, हा चिखल आहे. बी नाही. जे उरलं होतं ते आम्ही खाल्लं. आम्हाला बी आण."

ते बोलणं खैरूच्या जिव्हारी लागलं. त्याला वाटलं, खरंच, मी यांना भिकारी करतोय.

पावसाळ्यात गलबतं बंद. खैरू गावी गेला. आमची फुफी, म्हणजे बापाची बहीण मैमुनाबी, वाडीतल्या सगळ्या बायकांची सरदार. तिच्या अंगणात बसून याने किवूकोची कहाणी सांगितली. पोरांची पोटं, हातांच्या काड्या, पाणी झेलणारी बाई. जिभेचा हुशार तो, बायका ओढणीत तोंड खुपसून रडल्या म्हणे. शेवटी म्हणाला, "फुफी, तांदूळ नको. भात दे. निवडून, चांगल्यातलं चांगलं." फुफी म्हणाली, "नवीन कापणी होऊ दे. देते." पेरणीचं बोलायचं राहूनच गेलं. त्याला वाटलं, भात मागतोय म्हणजे पेरायलाच, शेतकऱ्याच्या पोरीला हे काय सांगायचं! आणि तिच्या डोळ्यांपुढे होती उपाशी पोरं. समुद्रातून महिना-दीड महिना जाणार म्हटल्यावर सालासकट भातच टिकणार, म्हणून मागत असेल, असं तिने धरलं.

कोकणात न राहिलेल्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तांदूळ दोन तऱ्हेचा. भात तसंच कांडलं की सुरय. आणि भात सालासकट भिजवून, मोठ्या हंड्यात उकडून, उन्हात खडखडीत वाळवून मग कांडलं की उकडा. उकडं भात वाळलं की वरून कच्च्या भातासारखंच दिसतं. रंग जरा काळपट, एवढाच काय तो फरक. त्याला कीड लागत नाही, ते पोटाला हलकं, आजाऱ्याला पेज द्यायची तर उकड्याचीच. काम मात्र जिवावरचं. धुराने डोळे जातात, पाठ मोडते. आणि एकदा उकडलं की त्यातला जीव जातो. ते उगवत नाही.

फुफीने वाडीतल्या बायका जमवल्या आणि नव्या कापणीचं भात, चांगल्यातलं चांगलं, सगळं उकडलं. उपाशी पोरांना कच्चं कसं द्यायचं? तिकडे त्या बायांना उकडायला लाकडं मिळतील न मिळतील! आपणच करून देऊ, त्यांनी नुसतं कांडायचं. दिवसचे दिवस अंगणं भरून भात वाळत होतं. गोण्यांत कडुलिंबाचा पाला घालून तोंडं शिवली. दुबईच्या खाडीत त्या गोण्या एका गलबतावरून दुसऱ्या गलबतावर चढल्या, जमिनीला टेकल्यासुद्धा नाहीत. सुक्या मासळीच्या वासात कुणाला उकड्याचा वास येणार? खैरूने गोणीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "बघ आपा, यंदा खलास! यंदा ते कुणाकडे हात पसरणार नाहीत, इन्शाल्ला."

यापुढचं त्याने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी भाकऱ्या थापायची, तो चुलीकडे बघत बोलायचा, मधेच उठून जायचा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

त्या वर्षी वाऱ्याने दगा दिला. गलबत वाटेत अडकलं, लाटा आत आल्या, मुठीचे जमवलेले तांदूळ भिजून कुजले आणि समुद्रात टाकावे लागले. भाताच्या गोण्या वर बांधल्या होत्या, त्या वाचल्या. किवूकोला पोचला तेव्हा याच्यापाशी त्या गोण्या आणि थोडा खजूर, बाकी काही नाही. आणि गाव आदल्या वर्षीपेक्षा बेकार. माणसं किनाऱ्यावर येऊन उभी राहिली, पण उतरवून घ्यायला हात लावायची ताकद नव्हती. गलबत वासे भरायला दुसऱ्या खाडीत निघून गेलं. खैरू पेरणीसाठी मागे राहिला.

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना मशिदीपुढे बसवलं आणि मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितलं, हे खायचं नाही, हे पेरायचं. याला जो हात लावील त्याने गावाच्या पोटावर पाय दिला. म्झी सलूमने सगळ्यांकडून कुराणावर हात ठेवून कबूल करून घेतलं. गोण्या मशिदीच्या ओसरीवर रचल्या आणि खैरू त्यांच्यावरच बसायचा, त्यांच्यावरच झोपायचा. बायका वाकून चिखलात भोकं पाडायच्या, चार-चार दाणे टाकायच्या, पायाने बुजवायच्या. पोटात कंद आणि पाणी. अन्न हातात धरून ते चिखलात पुरायचं. एकीनेही दाणा तोंडात टाकला नाही. मी असते तर टाकला असता, खोटं कशाला बोलू!

म्वानाइदीची पोर, तीच, पाठीला बांधलेली, आता चालती झाली होती. ती तापाने पडली. कंद पोटात ठरेना. म्वानाइदी ओसरीशी आली आणि तिने एक मूठ मागितली. रडली-भेकली नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, एक मूठ, कांडून पातळ पेज करते, पोरीला एवढंच चालतं.

खैरू नाही म्हणाला.

"आपा, सगळा गाव बघत होता," तो मला म्हणाला. "तिला एक मूठ दिली असती तर दुसरीला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी पडलेलं. दोन दिवसांत गोण्या रिकाम्या झाल्या असत्या."

त्याने आपल्या वाटणीचा खजूर तिला दिला. पोरीने तो ओकून टाकला. पेरणी चालू असतानाच पोर गेली. म्वानाइदीने तिला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी दाणे टाकायला चिखलात उतरली. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली भाकरी तव्यावर जळून गेली. मी त्याला म्हटलं, "दगड आहेस तू. आईचं दूध प्यायलास की समुद्राचं पाणी?" मला अजून पुढचं ठाऊक नव्हतं.

पेरणी झाली. पाऊस हवा तसा, बेताचा. रोज सकाळी अख्खं गाव बांधावर येऊन उभं राहायचं आणि चिखलाकडे बघायचं. हिरवं काही दिसेना. म्झी सलूम म्हणाला, परदेशी बी आहे, उशीर लागेल. मग म्हणाला, खारं पाणी आत आलं असेल. एक दिवस तो खाली बसला, बोटाने चिखल उकरला, दाणा काढला आणि अंगठ्याने चोळला. कुजलेलं साल निघालं. त्याने तो दाणा खैरूच्या तळहातावर ठेवला.

आतला दाणा पिवळट होता.

खैरूला शेतातलं काही कळत नव्हतं, पण तो स्वयंपाकी होता. उकडा तांदूळ त्याने आयुष्यभर धुतला, शिजवला, वाढला. दाणा बघितला आणि त्याने तो ओळखला. रोपांमध्ये नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा पडल्या तर भरायला म्हणून त्याने एक गोणी मागे ठेवली होती. तो धावत ओसरीवर गेला, गोणीची शिवण दाताने तोडली, मूठभर भात दगडावर घासलं. सगळं तसंच. सगळं उकडलेलं. म्हणजे सगळं फक्त खाण्याजोगं! इतके दिवस तो अन्नावर बसला होता, अन्नावर झोपला होता, आणि उपाशी माणसांकडून ते अन्न चिखलात पुरून घेत होता. आणि म्वानाइदीला ती एक मूठ दिली असती तर? तिने ती उखळात घातली असती, साल निघालं असतं, पिवळा दाणा दिसला असता. त्याच दिवशी कळलं असतं. तिची पोरही पेज प्यायली असती, आणि गावही जेवलं असतं.

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं आपण हसत म्हणतो. तौबा, मी ते हसत म्हणायचं सोडून दिलं.

आता बघा, त्याला गप्प बसता आलं असतं. म्हातारा स्वतःच म्हणत होता, खारं पाणी असेल. लोकांनी अल्लाची मर्जी म्हणून मान खाली घातली असती. नाखवा परत आला की गलबतावर चढायचं, दुबईला यायचं, पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. कोण विचारणार होतं? मी त्याला तेच विचारलं, "का सांगितलंस?"

"मग ती गोणी ते पुन्हा पेरणार होते, आपा."

त्याने म्झी सलूमला सांगितलं. हे शिजवलेलं आहे. माझ्या माणसांनी प्रेमाने शिजवून दिलं. मला कळलं नाही. हे पहिल्या दिवसापासून खाता आलं असतं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने एकच विचारलं, "म्वानाइदीला मी सांगू की तू?"

"मी," खैरू म्हणाला.

ती झोपडीपुढे कंद सोलत होती. त्याने तिच्यापुढे बसून सांगितलं. त्याची स्वाहिली बाजारातली, वासे मोजायची, तांदूळ मागायची. असलं काही सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते. एकच वाक्य तीन तऱ्हेने बोलला. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं. ती ओरडली नाही, त्याच्या अंगावर धावली नाही. सुरी खाली ठेवली, आत गेली आणि उखळ बाहेर घेऊन आली.

बायकांनी ती गोणी कांडली. गावच्या मोठ्या भांड्यात भात शिजवला. पोरं चुलीभोवती येऊन बसली. आणि त्यांची रीत आपल्यासारखीच, पाहुण्याच्या आधी कुणी जेवायचं नाही. म्वानाइदीने पहिली थाळी भरली आणि खैरूपुढे ठेवली. तो नको म्हणाला. हात जोडले, उठायला लागला. म्झी सलूमने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. पोरं थाळीकडे बघत होती, कुणी हात पुढे करेना. हा खाईपर्यंत ती खाणार नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग खाल्लं," तो म्हणाला. "आपल्या घरचाच होता, आपा. फुफीच्या घरचा. तोंडात गेल्या गेल्या कळलं."

आजवर मी पुष्कळ माणसं रडताना बघितली. गल्फमध्ये तर काय, गावाकडून तार आली की पुरुषसुद्धा रस्त्यात बसून रडतात. पण खैरू ते सांगताना कोरडा होता, आणि मला तेच सहन होईना. मी चुलीवर पाणी ओतलं आणि त्या दिवशी खानावळ बंद ठेवली. जेवायला आलेली गावाकडची पोरं उपाशी परत गेली, शिव्या देत.

एक गोणी अख्ख्या गावाला किती दिवस जाणार! खैरू होडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेला, गावोगाव बी मागत फिरला. ओंजळभर कुठे, टोपलीभर कुठे, मिळालं ते आणून पेरलं, पण हंगाम सरला होता. नाखवा परत आला तेव्हा खैरूने त्याचे पाय धरून गलबतावरचा सगळा शिधा खाली उतरवला आणि खलाशी बोंबलत दुबईपर्यंत खजुरावर आले. त्या साली किवूकोत कितीजण गेले ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी मात्र पेटले होते. कुणावर ते माझं मलाच कळेना, म्हणून फुफीवर पेटले. म्हटलं, गावी गेले की तिला विचारते, तुझ्या हंड्याला एवढी कसली घाई झाली होती! खैरूने माझा हात घट्ट धरला. "फुफीला यातलं काही कळता कामा नये. कसम घे."

"का? तिला कळू दे की! चूक तिचीही आहे."

"तिची काय चूक? तिने उपाशी पोरांना शिजवून दिलं. मी तिला विचारलं नाही, तिने मला विचारलं नाही. तिचं वय बघ, आपा. ती त्यावर झोपेल का या जन्मात?"

मी कसम घेतली. तोंडात तीळ न भिजणारी बाई मी, पण घेतली.

पावसाळ्यात आम्ही दोघं गावी गेलो. फुफीचं घर खाडीच्या चढावर, आम्ही चढ चढतोय तोवर ती ओसरीवरून हाका मारायला लागली. वाडीतल्या बायका आल्या. एकीने पोरगी कडेवर आणली होती, एकीने पिठाचेच हात घेऊन धाव घेतली. सगळ्यांना ऐकायचं होतं. वर्षभर त्या बायकांनी त्याच गोष्टीवर दिवस काढले होते, की आपण उकडलेलं भात आफ्रिकेला गेलं. त्यांच्यातली एकही कधी तालुक्याच्या पलीकडे गेली नव्हती.

"काय रे खैरू, आवडलं का त्यांना आमचं भात?" फुफीने विचारलं.

"आवडलं, फुफी."

"बघ, मी म्हणत नव्हते!" ती बाकीच्यांकडे वळली. "यंदा दुप्पट करू. हंडे मी आत्तापासून सांगून ठेवलेत."

खैरूने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "फुफी, यंदा उकडू नको. तसंच दे, कच्चं."

"कच्चं? का बरं?"

"पेरतील म्हणतात. शेत आहे त्यांचं."

फुफीचा हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. साठ पावसाळे तिने चिखलात काढले होते. तिने खैरूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदर दातात धरला आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायला लागले.

"खैरू," ती हळूच म्हणाली, "गेल्या सालचं कुणी पेरलं तर नाही ना रे?"

"नाही फुफी. खाल्लं."

"पोरांनी खाल्लं?"

"पोरांनी खाल्लं. पोटभर."

"सगळं?"

"सगळं. एक दाणा उरला नाही."

फुफीने मोठा श्वास सोडला, अल्लाचे आभार मानले. मग ती पुढे वाकली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग रडतोस कशाला रे मेल्या?"